समाधानाची प्रश्नावली

पीएच.डी.चा विषय मी निवडला नव्हता, तो माझ्या वाट्याला आला. मार्गदर्शक सरांकडे माझ्या आधी आलेल्या दोघींनी वाचनाच्या सवयी आणि परीक्षेची भीती हे विषय घेऊन टाकले होते. उरला तो ऑनलाइन शिक्षणाबद्दल विद्यार्थ्यांचं समाधान. सर म्हणाले, "नवा विषय आहे, फार कुणी हात लावलेला नाही. लवकर उरकेल." महामारी यायला तेव्हा अजून वर्षभर होतं. ऑनलाइन शिक्षण म्हणजे काय हे मलाही धड माहीत नव्हतं.

मी राहते जालन्यात. नवरा लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जातो. मी एम.ए., एम.एड. करून भोकरदन तालुक्यातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी जूनमध्ये अर्ज करायचा, मुलाखत द्यायची आणि मार्चमध्ये घरी बसायचं. पीएच.डी. झाली की कायम होऊ, ही आशा माझ्यासारख्या सगळ्यांना असते. मलाही होती.

प्रबंधासाठी ऑनलाइन शिकणारे विद्यार्थी हवे होते, ते तालुक्यात सापडेनात. मग मीच तयार करायचं ठरवलं. इंग्रजी संभाषणाचा एक फुकट कोर्स इंटरनेटवर होता. प्राचार्यांनी शनिवारी संगणक कक्ष उघडून द्यायचं कबूल केलं. बारा संगणकांपैकी सात चालू होते. प्रोजेक्टरच्या उजेडात मधोमध पिवळा डाग पडायचा, त्यामुळे व्हिडिओतल्या सरांचा एक गाल कायम कावीळ झाल्यासारखा दिसायचा. पण पोरं-पोरी येऊ लागल्या. पहिल्या शनिवारी अकरा, दिवाळीपर्यंत खुर्च्या पुरेनात.

व्हिडिओतले सर फार स्वच्छ आणि फार भरभर बोलायचे. एक वाक्य झालं की मी बोट वर करायची आणि की-बोर्डपाशी बसलेली मुलगी व्हिडिओ थांबवायची. मग मी ते वाक्य मराठीत फोडायची, दोघा-चौघांकडून म्हणून घ्यायची, कुणी चुकलं की सगळे हसायचे, चुकणाराही हसायचा. वीस मिनिटांचा व्हिडिओ दोन तास चालायचा. पोरांनी माझं नाव पॉजवाल्या मॅडम ठेवलं होतं.

की-बोर्डपाशी बसणारी मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. मेंढरं राखणारं घर. आई लहानपणीच गेलेली, वडील दिवाळीनंतर कळप घेऊन गोदावरीच्या पट्ट्यात उतरायचे ते उन्हाळ्याच्या शेवटी परत यायचे. ही गावात चुलतीकडे राहून शिकायची. घरात कॉलेजपर्यंत आलेली पहिलीच. गावाहून पहिल्या एस.टी.नं यायची आणि संगणक कक्षाचं कुलूप निघायच्या आधी दाराशी उभी असायची. शंका विचारायची तिला फार सवय. प्रश्न सुचला की हात वर करायलाही थांबायची नाही, "मॅडम, थांबा, थांबा" म्हणायची आणि आधी स्वतःच व्हिडिओ थांबवायची.

डिसेंबरात मी प्रश्नावली वाटली. पंचवीस विधानं, प्रत्येकापुढं पाच रकाने: अत्यंत समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, अत्यंत असमाधानी. विधानं मीच रात्रंदिवस बसून तयार केली होती. 'ऑनलाइन अध्यापनात मला शंका विचारण्याची पुरेशी संधी मिळते', अशी. सगळे खाली मान घालून खुणा करत होते आणि ही पेन तोंडात धरून बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, समाधान कशाचं लिवायचं? त्या व्हिडिओतल्या सरांचं का तुमचं?"

"व्हिडिओचं," मी म्हणाले. "कोर्सबद्दल आहे ते."

"पण तुमी न्हाई थांबवला तर त्यांचं कुणाला काय कळून राह्यलंय?"

मी हसले आणि म्हणाले, "लिही बाई तुला वाटेल ते." तिनं पंचवीसच्या पंचवीस ठिकाणी पहिल्या रकान्यात खूण केली. जवळजवळ सगळ्यांनीच तशी केली होती. मार्गदर्शक सरांना आकडे दाखवले तेव्हा ते खूश झाले. ऑनलाइन शिक्षण ग्रामीण भागात उत्तम रुजू शकतं, असा निष्कर्ष त्यांनी तिथल्या तिथं मला तोंडी सांगून टाकला.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. सरांचा फोन आला. "तुमच्या विषयाला सोन्याचे दिवस आले. आता आधीचं आणि नंतरचं, अशी तुलना करा."

पुढच्या शैक्षणिक वर्षात मला पुन्हा नेमणूक मिळाली आणि मी घरातून शिकवू लागले. आमचं घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर डब्यांना टेकवून फोन ठेवायचा आणि समोर स्टुलावर बसायचं. सासूबाई त्याच वेळी कुकर लावायच्या. माझ्या वर्गात रोज तीन शिट्ट्या व्हायच्या आणि मुलं त्यावरून घड्याळ लावायची म्हणे. त्या शिट्ट्यांबद्दल मला कुणी काही बोललं नाही.

ही मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीपर्यंत अधूनमधून कुणाच्या तरी फोनवरून तासाला यायची. दिवाळीनंतर रोज येऊ लागली. कारण नंतर कळलं. घरात फोन एकच, तो वडिलांकडे, आणि वडील गावात असले तरी दिवसभर कळपामागं, दिवाळीनंतर तर खाली नदीकडे. गावात राहावं तर तास बुडतात, म्हणून ती फोनच्या मागं निघून गेली. कॉलेज शिकण्यासाठी मेंढरांबरोबर चालू लागली. त्या घरातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या चालत होत्या. चालायचं नाही म्हणून तर तिला चुलतीकडे ठेवलं होतं.

थंडीतली एक सकाळ होती. त्या दिवशी प्राचार्य तपासणी म्हणून तासाला हजर होते. मी इंग्रजीतला कर्मणी प्रयोग शिकवत होते, 'बाय' लावून फिरवायची वाक्यं. मध्येच तिचा आवाज आला, "मॅडम, थांबा, थांबा," आणि त्यामागोमाग शंभर मेंढरं ओरडल्यासारखा कालवा. कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी तोंडानं हुर्रऽ हुर्रऽ करत होतं. कुणीतरी खाली लिहिलं, 'मॅडम, वर्गात मेंढरं घुसली.' हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. ती बोलतच होती, "बाय कवा लावायचं न..." पण पुढचं काही ऐकू येईना. प्राचार्यांनी घसा खाकरला.

"तुला वर्गात बसायचं असेल तर वर्गासारखं बस," मी जरा कडक आवाजातच म्हणाले. आणि बटण दाबलं. सर्वांना म्यूट करा. खाली विचारलं होतं, विद्यार्थ्यांना स्वतःचा आवाज सुरू करू द्यायचा का. मी तिथली खूण काढून टाकली. खाली लिहिण्याची सोयही बंद केली. एकदम शांतता झाली. प्राचार्य तासाच्या शेवटी म्हणाले, "शिस्त छान आहे."

ती खूण मी परत लावली नाही. मुद्दाम नाही, पण लावली नाही. प्रत्येक तासाला तीच लिंक, तीच मांडणी. शिकवणं सोपं झालं होतं. धडा संपला की मी विचारायची, "एनी डाउट?" मनात पाच अंक मोजायची. कुणी काही बोलायचं नाही. मग पुढं जायची. व्हॉट्सॲपचा ग्रुप तर आधीपासूनच फक्त मला लिहिता येईल असा होता. यादीत तिचं नाव शेवटपर्यंत दिसत राहिलं, मी तिची हजेरी लावत राहिले. वर्षअखेरीला परीक्षा झाली, तीही फोनवर, पर्यायी उत्तरांची. कधीही तासाला न आलेली मुलंसुद्धा उत्तम गुणांनी पास झाली.

पुढं कॉलेज उघडलं तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या वर्गात ती नव्हती. बऱ्याच जणी नव्हत्या. मी फार चौकशी केली नाही. वर्ग उघडले, बंद झाले, परत उघडले, त्या गोंधळात मुलं येतात-जातात असंच वाटायचं.

प्रश्नावलीचा दुसरा फेरा करायची वेळ आली तेव्हा यादी हातात घेऊन बसले. आधी ज्यांनी फॉर्म भरले होते त्यांच्याकडूनच परत भरून घ्यायचे होते. निम्म्याहून थोडे जास्त कॉलेजातच भेटले, पहिल्या फेऱ्यात अकरावी-बारावीला असलेले आता बी.ए.ला होते. बाकीचे फोनवर शोधले. कुणी पुण्याकडे कंपनीत, कुणी हायवेवर ढाब्यावर, काही मुली लग्न होऊन गेलेल्या. हिचा जुना नंबर लागेना, म्हणून तिच्या गावी गेले. चुलती दारात कडबा रचत होती.

"ती तर लगीन होऊन गेली की," चुलती म्हणाली. "नवराबी मेंढरंवालाच हाय. आता समदे शहागडकडं गेलेत, गोदावरीला. तिचा बापबी त्यांच्यातच हाय."

चुलतीनं नवऱ्याचा नंबर दिला. फोन तिनंच उचलला. "या की मॅडम," एवढंच म्हणाली.

शहागडला एस.टी.तून उतरून उसाच्या एका रिकाम्या ट्रॉलीत बसून मी गेले. कापूस उपटलेल्या एका काळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. बाजूला जाळीचं कुंपण, दोन घोडी, पालासारखं बांधलेलं एक फडकं. मेंढरं नवरा चारायला घेऊन गेला होता. रानात फक्त लहान कोकरं होती, ती आणि तिचे वडील. तिच्या कडेवर वर्षाचं मूल होतं. ती वाळली होती, पण ओळखू आली. माझ्या पाया पडली. मला ते आवडलं नाही, पण पाय मागं घ्यायच्या आत तिनं उरकलं.

वडील चूल पेटवत होते. मी बोलल्याबरोबर त्यांनी वर बघितलं.

"तुमीच का त्या फोनातल्या मॅडम? आवाज बराबर वळखला. लई ऐकलाय."

"तुम्ही ऐकायचात?"

"फोन माझ्या खिशात, न ही माझ्या शेजारी चालायची. मंग दोघंबी ऐकायचो. मला काई कळायचं न्हाई, पण बरं वाटायचं. पोरगी शिकून राह्यली म्हणून." त्यांनी चुलीत फुंकर मारली. "तुमी एक सारखं म्हणायच्या. एनी डाउट, एनी डाउट. ते काय असतं?"

"काही शंका असेल तर विचारा, असं."

"मंग ती तर इचारायची की," ते म्हणाले.

मी तिच्याकडे बघितलं. ती मुलाचं नाक पुसत होती.

"विचारायची म्हणजे?"

"बोलायची मी, मॅडम. तुमी एनी डाउट म्हणल्या की बोलायची. आवाज तुमच्याकडं जायचाच न्हाई. खाली बारीक अक्षरात कायतरी यायचं न जायचं, पण काच फुटल्याली, वाचायला यायचं न्हाई. मला वाटलं माईक गेला."

"फोन करायचास मला."

"त्या दिवशी तुमी चिडल्या होत्या ना, मेंढरांवरून. मंग भ्या वाटलं. म्हणलं आधी माईक नीट करू."

पुढचं वडिलांनी सांगितलं. तेव्हाही कळप असाच नदीच्या अलीकडे होता. ते तिथून सकाळी निघून शहागडला चालत गेले. दुकानदारानं फोन उघडून बघितला, म्हणाला, माईकला काहीच झालेलं नाही. "म्या म्हणलं, परत बघ, पोरीचा आवाज जात न्हाई. त्यानं परत उघडला." त्यानंतर फोन चार्जिंग धरेना. हायवेच्या टपरीवर भरून आणला तरी तासाभरात बंद पडायचा. तास कसेबसे झाले. परीक्षेत तीन पेपरांना फोन अर्ध्यात बंद पडला.

"ज्या साली समदे पास झाले, त्या साली मी नापास झाले मॅडम," ती म्हणाली. ती हे सवयीच्या आवाजात म्हणाली, पुष्कळदा सांगून झाल्यासारखं. "गावात कुणाला खरंच वाटंना. जे कवा तासाला बसले न्हाईत ते पास, न ही रोज बसून नापास. आबाबी म्हणले, मंग तू करत काय होती फोनात?"

वडिलांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं होतं.

मी तेव्हा गप्प बसू शकले असते. तिला काहीच माहीत नव्हतं. पण ते म्हातारे समोर बसलेले होते, शहागडला चालत गेलेले.

"माईक मी बंद केला होता," मी म्हणाले. "सगळ्यांचाच. त्या दिवशी. नंतर चालू करायचा राहिला."

तिला ते समजायला वेळ लागला नाही, ती फार हुशार मुलगी होती. मग ती वडिलांकडे वळून म्हणाली, "आबा, फोन चांगला होता म्हणं. तुमाला उगाच चालवलं मी."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मॅडमला चहा दे."

शेळीच्या दुधाचा चहा होता. मी तो प्याले. माफी मागावी असं वाटत होतं, पण कोणत्या शब्दांत मागायची ते सुचेना, आणि मागितली असती तर तिनं लगेच दिली असती, हेही दिसत होतं. मग मी पिशवीतून फॉर्म काढला. आजही मला नीट कळत नाही की तो मी का काढला. आले होते त्यासाठी, म्हणून असेल.

मूल तिनं वडिलांकडे दिलं, हात पदराला पुसला, फॉर्म मांडीवर घेतला. पहिल्या विधानापाशीच थांबली.

"तुमाला कसं पाहिजे, मॅडम?"

"खरं ते लिही."

तिनं विधानं वाचली नाहीत. 'सांगता येत नाही' या मधल्या रकान्यात वरून खालपर्यंत पंचवीस खुणा केल्या, एका सरळ रेषेत. अक्षर अजून तसंच सुबक होतं. खाली सही केली. शिक्षणाच्या रकान्यात 'बी.ए. दुसरे वर्ष नापास' असं लिहिलं.

निघताना मी तिला म्हणाले, बाहेरून फॉर्म भरता येतो, तू परत परीक्षा दे, मी पुस्तकं आणून देईन, सगळं बघेन. ती हो म्हणाली. कुठल्या गावी कुठल्या दिवशी आम्ही असू ते आम्हालाच माहीत नसतं, असंही म्हणाली. कोकरांतलं एक माझ्या साडीचा पदर चघळत होतं, ते तिनं हलकेच बाजूला केलं.

तिचा फॉर्म मी सरांपुढं सर्वांत वर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि वेगळा काढला.

"ही आता शिकत नाही ना?"

"नाही सर."

"मग ही अध्ययनार्थी नाही. आपला विषय अध्ययनार्थींचं समाधान आहे. ज्यांनी शिक्षण सोडलं त्यांचे फॉर्म घेऊ नका, निष्कर्ष बिघडतो."

"सर, पण ती ज्यामुळं सोडून गेली तेच तर..."

"तो वेगळा विषय आहे," सर म्हणाले. ते रागावले नव्हते. सर चांगले आहेत, मला त्यांनी नेहमी मदतच केली. "गळतीवर कुणीतरी स्वतंत्र काम करावं. तुम्ही तुमचं पूर्ण करा. नोकरीचं बघायचंय ना?"

मी वाद घातला नाही. तिच्यासारखे आणखी होते, ते सगळे फॉर्म बाजूला केले. उरले ते कॉलेजात टिकलेल्यांचे. घरी चांगला फोन असलेल्यांचे, पास झालेल्यांचे. त्यांना शंका विचारायच्या नव्हत्याच, त्यामुळं शंका विचारायची संधी त्यांना पुरेशी वाटली होती. टाळेबंदीआधी आणि नंतरच्या समाधानात काही फरक पडलेला नाही, असं गणित आलं. उलट थोडं वाढलेलंच दिसलं. मी ते तसं लिहिलं. शिफारशींच्या प्रकरणात 'शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे ध्वनिग्राहक (माईक) सुरू ठेवावेत' असं एक वाक्य घातलं होतं. टंकलेखनानंतर सरांनी तपासताना ते काढलं, तांत्रिक बाब आहे म्हणून.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी विचारलं, "या संशोधनातून तुम्हाला स्वतःला काय मिळालं?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानं पेढे आणले होते. सासूबाईंनी शेजारणीला बोलावून सांगितलं की आता ही डॉक्टर झाली, पण दवाखान्याची नव्हे.

त्यानंतर दोनदा मी शहागडच्या बाजूला गेले. पहिल्यांदा पुस्तकं घेऊन. त्या रानात हरभरा उभा होता. मालक म्हणाला, मेंढरं बीडकडे गेली असतील, नाहीतर पैठणकडे. दुसऱ्यांदा नुसतीच गेले. तिच्या नवऱ्याचा नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे आहे. चुलतीकडे पुस्तकं ठेवली, ती म्हणाली, आली की देते. गेल्या दिवाळीत चुलतीला विचारलं तर पुस्तकं तशीच होती, वर धान्याचं पोतं ठेवलं होतं.

मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. जागा भरायच्या तेव्हा भरतील. आमच्या कॉलेजात आता ऑनलाइन कोर्स सगळ्यांना सक्तीचा झालाय, त्याचे गुण मिळतात. मुलं व्हिडिओ चालू करून फोन खिशात ठेवतात आणि गप्पा मारत बसतात. व्हिडिओ संपला की समाधानाचे पाच तारे येतात, ते सगळे दाबल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही असा त्यांचा समज आहे. मी तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला. त्यांना फरक पडत नाही.

या वर्षी जुलैत मी प्राचार्यांना भेटून शनिवारी संगणक कक्ष उघडून घेतला. प्रोजेक्टर नवा आला आहे, चित्र स्वच्छ दिसतं. फळ्यावर सूचना लिहिली, तिन्ही वर्गांत जाऊन सांगितलं. शनिवारी तीन मुली आल्या. मी व्हिडिओ लावला, पहिलं वाक्य झाल्यावर थांबवला आणि विचारलं, "कळलं का?" तिघींनी मान हलवली. दुसरं वाक्य, मग तिसरं. त्या मान हलवत राहिल्या. दहा मिनिटांनी त्यांच्यातली एक अदबीनं म्हणाली, "मॅडम, लिंक द्या ना. घरी बघतो आम्ही."

मी लिंक दिली. त्या गेल्यावर उरलेला व्हिडिओ मी तसाच चालू ठेवला, वेळ संपायला अजून तास होता आणि शिपायाला तोवर चावी परत देता येत नव्हती.